निळ्या गळ्याचा सरडा
* म्हणजे पंखगळी सरडा. कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याच्याच कुळातला, पण जमिनीवर राहणारा. मागच्या पायांना चारच बोटे. उन्हाळ्याच्या अखेरीस नर दगडावर चढून गळ्याचा पडदा पंख्यासारखा उघडमीट करतो. ‘सराडा’ प्रजातीत हा पडदा निळा, काळा, नारिंगी असतो (ही प्रजाती २०१६ मध्ये ‘सिटाना’पासून वेगळी केली गेली). मुंग्या, वाळवी, किडे हे खाद्य. मादी मातीत अंडी घालते. परभणी जिल्ह्यात त्याला शोधायचे तर नांगराखालच्या काळ्या रानापेक्षा जिंतूरकडचा मुरमाड माळ पाहावा: विरळ कुसळी गवत, खुरट्या बोरी, भरपूर ऊन. सरकारी दप्तरात असा माळ बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, हे मनाला लागते. तिथे दाट झाडे लावली तरी हा सरडा बेघर होतो. — संपादक