सांडपाणी शुद्ध करणारे जीवाणू

भाईंदर पूर्वेकडील गोडदेव हे मूळचे गाव आज दाट वस्तीचा भाग झाले आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. माणशी दररोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्क्यांचे सांडपाणी, हा प्रचलित हिशेब लावल्यास २०११ च्या लोकसंख्येचेच सांडपाणी दिवसाला सुमारे पावणेनऊ कोटी लिटर होते. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. असे पाणी प्रक्रियेविना खाडीत गेले, तर त्यातील घाण कुजवताना जीवाणू खाडीच्या पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. शुद्धीकरण केंद्रात हीच क्रिया टाकीत, बाहेरून हवा पुरवून घडवली जाते.

या पद्धतीचा पाया १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी घातला. सांडपाण्यात हवा सोडल्यावर तळाशी बसणारा गाळ फेकून न देता तो पुन्हा नव्या सांडपाण्यात मिसळला, तर शुद्धीकरण कितीतरी वेगाने होते, हे त्यांनी दाखवले. या गाळाला ‘क्रियाशील गाळ’ म्हणतात. त्यांना या संशोधनाची दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

गाळातील जीवाणूंमध्ये कामाची वाटणी असते. झूग्लियासारखे जीवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि चिकट द्रव स्रवून पुंजके बांधतात. हे पुंजके जड असल्याने तळाशी बसतात व वर स्वच्छ पाणी उरते. नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतो, तर नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट. नायट्रोस्पायराच्या काही जाती हे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले. प्राणवायू नसलेल्या टाकीत अन्य जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. काही जीवाणू स्फुरद पेशींत साठवतात. तंतुमय जीवाणू मात्र प्रमाणाबाहेर वाढले, तर गाळ फुगतो आणि खाली बसत नाही.

२३ देशांतील २६९ केंद्रांच्या गाळाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगभरच्या अशा केंद्रांत जीवाणूंचे सुमारे एक अब्ज प्रकार असावेत. मात्र सर्वत्र प्रामुख्याने आढळणारे गट अवघे २८ निघाले. ही विविधता म्हणजे केंद्राचा विमाच होय. तापमान, क्षार वा घाणीचे स्वरूप बदलून एक जात मागे पडली, तर तेच काम करणारी दुसरी पुढे येते.

जागेची टंचाई असलेल्या शहरांसाठी नॉर्वेत विकसित झालेली ‘एमबीबीआर’ पद्धत सोयीची ठरते. तीत प्लास्टिकच्या लहान चकत्या टाकीत फिरत राहतात आणि त्यांवर जीवाणूंचा थर वाढतो. नायट्रीकरण करणारे जीवाणू सावकाश वाढतात. चकत्यांना चिकटून राहिल्याने ते पाण्याबरोबर वाहून जात नाहीत.

याच सृष्टीची दुसरी बाजू घातक आहे. खाडीलगत गटारांत खारे पाणी शिरले, की त्यातील सल्फेटपासून काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. साचलेल्या मैल्यातही हा वायू असतो. त्याचे प्रमाण वाढल्यास गंधाची जाणीवच नष्ट होते आणि गटारात उतरलेला कामगार काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. सुरक्षा साधनांविना अशी साफसफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील छोट्या केंद्रांनाही हेच नियम लागू पडतात. विजेची बचत म्हणून हवेचे पंप बंद ठेवले, तर प्राणवायूवर जगणारे जीवाणू निष्क्रिय होतात आणि टाकीला दुर्गंधी येऊ लागते. आम्ल वा जंतुनाशके मोठ्या प्रमाणात गटारात ओतल्यास उपयुक्त जीवाणूही मरतात. मंद गतीने वाढणाऱ्या जाती पुन्हा रुजण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर अर्धवट शुद्ध झालेले पाणी पुढे वाहत राहते.