‘लिब्रे’ : सोन्या ग्राफ आणि १९३९ चे ब्वेनोस आयरेस

१९३९ साली ब्वेनोस आयरेस येथे झालेल्या महिला जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेचा गुणतक्ता आज कोणालाही पाहता येतो. वीस खेळाडू, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक डाव, म्हणजे एकोणीस फेऱ्या. पहिली व्हेरा मेंचिक, १८ गुण; दुसरी सोन्या ग्राफ, १६ गुण; तिसरी चिलीची बेर्ना कारास्को, साडेपंधरा; चौथी जर्मनीची फ्रीडल रिंडर, १५. नावांच्या शेजारी देशांचा रकाना असतो. त्यात ग्राफच्या नावापुढे कोणताही देश नाही, ‘लिब्रे’ एवढा एकच स्पॅनिश शब्द आहे. आम्ही भाषा शिकवणारी माणसे असल्यामुळे असेल कदाचित, पण आकड्यांवरून नजर सरकली तरी त्या शब्दापाशी ती परत परत येते.

‘लिब्रे’ म्हणजे मुक्त, स्वतंत्र. पण स्पॅनिशमध्ये न व्यापलेल्या जागेलाही हाच शब्द लावतात. गिऱ्हाइकाच्या शोधात हिंडणाऱ्या रिकाम्या टॅक्सीवर ब्वेनोस आयरेसमध्ये ‘लिब्रे’ अशीच पाटी असते. मुक्त आणि रिकामा हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदावेत, आणि तो शब्द एका बाईला तिच्या देशाच्या जागी मिळावा, हा योगायोग खरा. पण कादंबरीकाराला सुचला असता तर समीक्षकांनी त्याचे कौतुक केले असते.

सोन्या ग्राफचा जन्म १९०८ साली म्यूनिक येथे झाला. तिचे मूळ नाव सुझाना. बालपण धाकाचे आणि माराचे होते. बुद्धिबळ तिला वडिलांनीच शिकवले, आणि पुढे त्याच बुद्धिबळाने तिला त्या घरातून बाहेर काढले. म्यूनिकमधील डॉ. झीगबर्ट तारास्च या थोर खेळाडूने तिला शिकवले. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याच्या पुस्तकांवर युरोपातील एक पिढी बुद्धिबळ शिकली असा हा गुरू. त्या काळात स्त्रियांसाठी संघांच्या स्पर्धा नव्हत्या. महिलांचे ऑलिंपियाड सुरू झाले ते थेट १९५७ साली, हॉलंडमधील एमेन येथे. त्याआधी एकट्या बाईने एकटीने प्रवास करायचा, कॅफे आणि क्लबांमधून प्रदर्शनीय सामने खेळून पोट भरायचे आणि जमेल तेव्हा मोठ्या स्पर्धेत उतरायचे, असाच हा व्यवसाय होता. ग्राफ असे जगू लागली. केस आखूड कापलेली, पुरुषी पोशाखातली, सतत सिगारेट ओढणारी बाई म्हणून तिचे वर्णन वारंवार येते. बुद्धिबळाच्या इतिहासलेखकांनी तिच्या कपड्यांना जेवढी शाई खर्ची घातली तेवढी तिच्या डावांना घातली असती तर बरे झाले असते, असे आम्हाला वाटते.

तिच्या काळात स्त्री बुद्धिबळपटू म्हटले की एकच नाव पुढे येत असे, ते मेंचिकचे. पहिली महिला जागतिक स्पर्धा १९२७ साली लंडन येथे झाली. तेव्हापासून हाम्बुर्ग, प्राग, फोकस्टन, वॉर्सा, स्टॉकहोम अशी प्रत्येक स्पर्धा मेंचिकनेच जिंकली होती. स्टॉकहोमला तर १९३७ साली चौदा डावांत चौदा गुण. पुरुषांच्या स्पर्धांतही ती खेळे. १९२९ साली कार्ल्सबाड येथे आल्बर्ट बेकर या व्हिएन्नाच्या खेळाडूने तिची टिंगल करताना म्हटले होते की, जो तिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घ्यावे. त्या क्लबाचा पहिला सभासद स्वतः बेकरच झाला. पुढे या यादीत आपल्याकडून इंग्लंडला गेलेल्या मीर सुलतान खानचेही नाव लागले.

अशा खेळाडूशी ग्राफ दोन वेळा समोरासमोर सामना खेळली. १९३४ साली रॉटरडॅम येथे चार डावांत तिने एक जिंकला, तीन गमावले. १९३७ साली ऑस्ट्रियातील झेमरिंग येथे जागतिक अजिंक्यपदासाठी सोळा डाव झाले. त्यांत ग्राफ दोन जिंकली, पाच बरोबरीत सुटले, नऊ हरली. साडेअकरा विरुद्ध साडेचार. पराभव दणदणीत होता यात शंका नाही. पण स्टॉकहोमला मेंचिककडून अर्धा गुणही कोणाला मिळाला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे ग्राफच्या त्या दोन विजयांचे मोल कळते.

आता ब्वेनोस आयरेसकडे वळू. युरोपातील बहुसंख्य खेळाडू ‘पिरिआपोलिस’ नावाच्या बोटीने अँटवर्पहून निघाले आणि २१ ऑगस्ट १९३९ रोजी आर्जेन्टिनात उतरले. पोलितेआमा नाट्यगृहात पुरुषांचे ऑलिंपियाड आणि महिलांची जागतिक स्पर्धा शेजारी शेजारी भरली. एकीकडे अलेखिन, कापाब्लांका ही मंडळी. दुसरीकडे वीस बायका. प्राथमिक फेरी संपते न संपते तोच युद्ध सुरू झाले. इंग्लंडचा संघ स्पर्धा सोडून मायदेशी परतला, मेंचिक मात्र थांबली. जर्मनी आणि पोलंड यांच्यातला सामना पट न मांडताच दोन-दोन असा बरोबरीत धरला गेला. आणखी काही सामन्यांचेही तसेच झाले. अखेर जर्मनीचे ३६ गुण झाले आणि पोलंडचे साडेपस्तीस. ज्या दिवसांत एक देश दुसरा देश गिळत होता त्याच दिवसांत हा अर्ध्या गुणाचा फरक नोंदला गेला.

ग्राफ हिटलरच्या राजवटीविरुद्ध उघड बोलत असे. जर्मनीच्या यादीतून तिचे नाव वगळले गेले. जर्मनीकडून रिंडर खेळली. म्हणून तो शब्द, ‘लिब्रे’. पण नीट पाहू गेल्यास त्या रकान्यात इतरांचे देश तरी कुठे पक्के होते? मेंचिकचा जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्रज. आधी ती चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने खेळे, ते राष्ट्र त्याच वर्षी मार्चमध्ये नकाशावरून पुसले गेले होते. १९३७ मध्ये स्टीव्हन्सन नावाच्या इंग्रजाशी लग्न झाल्यामुळे ती इंग्लंडची ठरली. पॉलेत श्वार्त्समान लाटव्हियात जन्मलेली, फ्रान्सची विजेती, पुढे आर्जेन्टिनाची विजेती. देशांचा तो रकाना खोटा नव्हता, पण पुरुषांच्या तक्त्यात तो जेवढा ठाम दिसतो तेवढा इथे दिसत नाही. बाईचा देश बापाच्या किंवा नवऱ्याच्या देशावरून ठरे. ग्राफपाशी त्या घडीला दोन्ही आधार नव्हते, आणि तिच्यापुरता तो रकाना खरे बोलला.

मेंचिकविरुद्धच्या डावात ग्राफने विजयी स्थिती मिळवली होती. ती तिने घालवली आणि डावही हरली. येथे थोडा हिशेब करावासा वाटतो. तो एक डाव उलटला असता तर मेंचिकचे १८ चे १७ झाले असते आणि ग्राफचे १६ चे १७. म्हणजे दोघी बरोबरीत! मेंचिकच्या सात अजिंक्यपदांतील हे शेवटचे, आणि त्यात तिच्या शेजारी एका देशहीन बाईचे नाव लागता लागता राहिले. १९४४ च्या जूनमध्ये लंडनवर पडलेल्या उडत्या बाँबने मेंचिक, तिची आई आणि बहीण तिघी एकाच घरात ठार झाल्या. फेरसामना झाला नाही.

स्पर्धा संपल्यावर अनेक खेळाडू आर्जेन्टिनातच राहिले. पोलंडचा नायडॉर्फ राहिला. त्याचे मागे राहिलेले कुटुंब नाझींनी संपवले. जर्मनीच्या संघातून आलेला तो बेकरही राहिला. ग्राफही राहिली, आणि तिने एक गोष्ट केली जी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, स्पॅनिशमध्ये तिने दोन पुस्तके प्रसिद्ध केली. पहिले १९४१ चे, ‘आसी हुएगा ऊना मुहेर’. दुसरे १९४६ चे, ‘यो सोय सुझान’. पहिले बुद्धिबळाचे आणि त्या जगातील आठवणींचे, दुसरे मोडलेल्या बालपणाचे आत्मचरित्रात्मक कथन.

शीर्षके पाहा. पहिल्याचा अर्थ, ‘अशी खेळते एक बाई’. क्रियापद तृतीयपुरुषी आहे आणि ‘ऊना’ हे अनिश्चित उपपद. कोणती बाई? कोणीतरी एक. गुणतक्ता बाईकडे ज्या अंतरावरून पाहतो, जवळजवळ तेच अंतर. दुसऱ्याचा अर्थ, ‘मी सुझान आहे’. मराठीप्रमाणेच स्पॅनिशमध्येही क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो, ‘मी’ गाळला तरी चालतो; तिने तो गाळलेला नाही. आणि नाव घेतले तेही जगाला ठाऊक असलेले सोन्या नव्हे, तर जन्मनावाशी नाते सांगणारे. पाच वर्षांत ‘कोणी एक बाई’पासून ‘मी’पर्यंतचा हा प्रवास व्याकरणातून दिसतो. आमचे बरेचसे स्त्री-आत्मकथन याच वाटेने गेले आहे, तेव्हा मराठीच्या वर्गात ही दोन शीर्षके फळ्यावर लिहायला हरकत नसावी. (जाता जाता : स्पॅनिश पटावर राजाशेजारी ‘दामा’ उभी असते, आमच्या पटावर वजीर. आमच्याकडे त्या चौसष्ट घरांत बाई नाहीच.)

१९४७ साली तिने व्हर्नन स्टीव्हन्सन या अमेरिकन दर्यावर्दीशी लग्न केले. दोन्ही प्रतिस्पर्धी अशा रीतीने ‘मिसेस स्टीव्हन्सन’ झाल्या. अमेरिकेत गेल्यावर १९५० साली तिला आंतरराष्ट्रीय महिला मास्टर हा किताब मिळाला आणि १९५५ साली मॉस्को येथील आव्हानवीरांच्या स्पर्धेत ती अमेरिकेची म्हणून खेळली. १९५७ साली गिझेला ग्रेसरबरोबर संयुक्तपणे, आणि १९६४ साली एकटीने, ती अमेरिकेची महिला विजेती झाली. पुढच्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले.

चिलीच्या बेर्ना कारास्कोविषयी लिहिताना मात्र आमची लेखणी अडखळते. दक्षिण अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांपैकी त्या स्पर्धेत सर्वांत वर राहिलेली ही पंचविशीच्या आतली मुलगी. ग्राफपेक्षा अवघा अर्धा गुण कमी, जर्मनीच्या अधिकृत खेळाडूपेक्षा अर्धा गुण जास्त. तिच्यामागे बोटीचा प्रवास नव्हता, युद्धाची गोष्ट नव्हती, तिचा रकाना बिनतक्रार भरलेला होता. म्हणूनच की काय, इतिहासाने तिला तिसऱ्या ओळीत ठेवून दिले. २०१३ पर्यंत ती जगली.

१९७८ साली ब्वेनोस आयरेसमध्ये पुन्हा ऑलिंपियाड भरले. या खेपेला स्त्रियांचेही संघ होते, आणि भारताच्या संघात मुंबईची रोहिणी खाडिलकर होती. दोनच वर्षांपूर्वी, १९७६ मध्ये, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यावरून तिच्याबाबत वाद उठला होता आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. स्त्रियांना अशा स्पर्धांत खेळण्यास मनाई करता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना द्यावा लागला. ब्वेनोस आयरेसच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा रकाना भरलेला होता.