शेत एक की अनेक?

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावातील आमच्या घरी वाटणीचा एक जुना देवनागरी कागद आहे. त्यात ‘शेतांत’ असा शब्द येतो. घरातील तरुणाने तो वाचून विचारले, “शेते किती होती?” शेत एकच होते.

दोष त्या मुलाचा नव्हता. जुन्या लेखनात एकवचनीही ‘घरांत’, ‘शेतांत’ असा अनुस्वार देत. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘शेतात’ म्हणजे एक शेत, ‘शेतांत’ म्हणजे अनेक, असा भेद डोळ्यांना दिसू लागला. मुक्तीनंतरच्या मराठी शाळांतून शिकलेली पिढी याच वळणावर वाढली.

नियम करणाऱ्यांना जुन्याचे भान होते. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळाप्रमाणे छापावे, नंतरचे नव्या नियमांनी, अशी रेषा त्यांनी आखली. आमचा कागद त्या रेषेच्या अलीकडचा. तो नव्या नियमाने उतरवायचा, तर प्रत्येक ‘शेतांत’ एकवचनी की अनेकवचनी हे जाणत्यानेच ठरविले पाहिजे. अक्षरे बघून ते ठरत नाही.

हाच वाद आज संगणकाच्या जगात चालू आहे. तेथे भाषा माणसांची नसून यंत्राची, आणि वाचणारा म्हणजे कंपायलर, मानवी आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा. ‘सी’ या भाषेत पूर्वी आगाऊ ओळख न दिलेल्या फंक्शनलाही हाक मारता येई. त्याचे उत्तर साधा पूर्णांक असेल, असे कंपायलर गृहीत धरी. 1999 च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली. तरी जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर इशारा देऊन असे लेखन स्वीकारीतच राहिला. 2024 मध्ये निघालेल्या 14 व्या आवृत्तीने ते प्रथमच आपणहून चूक ठरविले. मधल्या पंचवीस वर्षांत इशारे वाचणारे थोडे आणि परिणाम भोगणारे पुष्कळ. 64 बिटांच्या यंत्रावर अशा गृहीतकाने स्मृतीतील पत्त्याचा अर्धा भाग गळून पडू शकतो, आणि आज्ञावली भलत्याच जागी पोहोचते.

म्हणून नव्या लेखनावर नवा नियम आपोआप आणि कडकपणे लागू व्हावा, असे आमचे मत आहे. सौजन्याने केलेली डोळेझाक शेवटी वाचणाऱ्याच्याच माथी येते. मात्र जुन्या लेखनाला त्याच्या सालचा नियम मागण्याचा हक्क हवा. जीसीसीत तो आहे: कोणत्या सालच्या प्रमाणाने वाचावे, हे आज्ञेतच सांगता येते. कडकपणा आणि न्याय यांना जोडणारा दुवा म्हणजे ही सालाची नोंद.

आपल्या जुन्या घराण्यांच्या पेट्यांतील कागदांना असे कोणी विचारीत नाही. त्यांची नक्कल करणारा बहुधा आजच्या नियमाने वाचतो आणि वाटणीचा अर्थ बदलल्याचे त्याला कळतही नाही. निदान ज्यांना जुने वळण वाचता येते, त्यांनी हयातीतच हे काम करून ठेवावे. आमच्या कागदाच्या वेष्टनावर आम्ही शिसपेन्सिलीने त्याचे साल लिहिले आहे आणि खाली दोनच शब्द: शेत एक.