यंत्राची आज्ञावली कागदावर



कामगार चळवळीतला माणूस संगणकाची आज्ञावली छापणाऱ्या साधनांचा इतिहास सांगायला उभा राहतो, हे पाहून काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण आपल्या पगाराचा, भविष्यनिर्वाह निधीचा, विजेच्या बिलाचा हिशेब आज आज्ञावलीच करते. ज्या नियमाने आपला हिशेब होतो, तो नियम माणसाला वाचता येतो की नाही, हा प्रश्न कामगाराचा आहे; तसाच तो गंगाखेडातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचाही आहे.

आज्ञावली म्हणजे कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, याची यंत्रासाठी लिहिलेली यादी. ती दाटीवाटीने लिहिली काय किंवा ऐसपैस लिहिली काय, बहुतेक भाषांत यंत्राला त्याचे सुखदुःख नसते. समास, परिच्छेद, ओळींचे आकडे ही गरज माणसाची. मोडीतले जुने दप्तर ज्यांनी उघडले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. तिथे शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, म्हणून वाचणाराचे पहिले कष्ट शब्द तोडण्याचे. छापखाना आला आणि हे कष्ट खिळे जुळवणाऱ्या कामगाराने आपल्या अंगावर घेतले. निर्णयसागर छापखाना १८६९ साली काढणारे जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला होते. देखण्या मराठी पानाची परंपरा अशा हातांनी घडली आहे. पुढे या हातांचे कसब यंत्राच्या आज्ञेत उतरले. विद्वानांच्या इतिहासात ही गोष्ट फारशी येत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी आज्ञावली पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून लिहीत. एका कार्डात ८० रकाने. फोरट्रान भाषेत खरी आज्ञा सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच बसवायची. छपाईयंत्रातून लांबच लांब कागद बाहेर पडे. तो उलगडून शास्त्रज्ञ चूक शोधत बसत. दिसायला कसाही असो, त्या कागदाशिवाय कोणाचे पान हलत नसे.

कागदाला पानाचे रूप देणारी आज्ञा अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत दिसते. तेथे युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती. नव्या यंत्राला पैसे मिळावेत म्हणून तेथील मंडळींनी मजकूर जुळवण्याची सोय करून देऊ, असे वरिष्ठांना सांगितले. आणि १९७१ साली त्या यंत्राचे पहिले खरे गिऱ्हाईक ठरले पेटंट खात्यातले टंकलेखक! त्याच वर्षाच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात ‘पीआर’ नावाची दोन अक्षरांची आज्ञा आहे. ती मजकुराची पाने पाडते आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव, तारीख व पृष्ठांक घालते.

यापुढची हकिगत मला फार मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६ साली युनिक्सच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची आज्ञावली, प्रत्येक ओळीला आकडा घालून, विद्यार्थ्यांसाठी छापली आणि तिच्यावर ओळवार भाष्य लिहिले. आपल्याकडे ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत असते ना, तशातला प्रकार. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर मालकाने अट घातली की, ही आज्ञावली वर्गात शिकवायची नाही. पुस्तक बंद पडले असे वाटेल. पण प्रतीच्या प्रती, त्या प्रतींच्याही प्रती काढून ते जगभर फिरले. उजळ माथ्याने प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. वाचू न देण्यात कोणाचे हित असते, हे गिरणीच्या दारावर उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दरम्यान १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा निघाली आणि तिच्या आधाराने ‘एटूपीएस’, ‘एन्स्क्रिप्ट’ यांसारखी साधने आली. एटूपीएसचेच पाहा. आज्ञेचे नाव टाइप करायचे, पुढे फाइलचे नाव द्यायचे, की झाले. आज्ञावली कोणत्या भाषेतली आहे हे ते ओळखते, ठळक शब्द ठळक करते, लांब ओळ कापून न टाकता खाली वळवते, आणि आडव्या कागदावर चौकटीत दोन पाने शेजारी शेजारी मांडते. जुळाऱ्याचे निम्मे काम त्यात आले.

त्याचा उपयोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. एका कारखान्यात जादा वेळेचे पैसे कमी पडत. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट दर ठरवून दिलेला, पण कचेरीचे उत्तर एकच, “हिशेब संगणकाने केला आहे.” संघटनेने आज्ञावलीची प्रत मागितली. पुष्कळ ताणाताणीनंतर आले ते एक भेंडोळे. ओळी उजवीकडे तुटलेल्या, पानांना आकडे नाहीत. मग मूळ फाइल मागून घेतली आणि एका सभासदाच्या मुलाने ती एटूपीएसमधून ओळींच्या आकड्यांसह छापून आणली. पुढच्या बैठकीत ओळीवर बोट ठेवून बोलता आले. अर्ध्या तासाहून कमी जादा काम शून्य धरावे, असे तिथे लिहिलेले होते! संगणकाने काही केले नव्हते. कोणा माणसाने ते लिहून ठेवले होते. ती ओळ निघाली.

एक अडचण मात्र उरली. ही जुनी साधने रोमन अक्षरांसाठी जन्मली. आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरे त्यांच्या हिशेबात नव्हती. मराठी टीप छापली की कागदावर नुसता कचरा उमटे. १९९१ साली हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या पद्धतीसाठी देवनागरी टाइप आणि रोमनमध्ये लिहिलेला मजकूर देवनागरीत उतरवणारी आज्ञा तयार केली. पुढे युनिकोड रुळला आणि ‘पॅप्स’ नावाचे साधन आले. त्यातून छापताना जोडाक्षर मोडत नाही. त्या कारखान्याच्या आज्ञावलीत आता हिशेबाच्या प्रत्येक नियमावर मराठीत एक ओळ घातलेली आहे, आणि पॅप्सने छापलेली तिची प्रत हजेरीच्या खिडकीशेजारी दोरीने टांगलेली असते.