अन्ननलिका फाटणे : छातीच्या एक्स-रेवरून निदान

अन्ननलिकेची भिंत आरपार फाटली की गिळलेली हवा, लाळ आणि जठरातला आंबट रस दोन फुफ्फुसांमधल्या जागेत झिरपतो आणि तिथे काही तासांत जंतुसंसर्ग पसरतो. निदानाची पहिली पायरी म्हणजे छातीचा फोटो. दवाखान्यात एक्स-रेला आजही हाच शब्द चालतो.

सर्वाधिक वेळा ही इजा दुर्बिणीच्या तपासणीत किंवा उपचारात होते. जोराच्या उलटीनेही नलिका फाटते. डच वैद्य हर्मन बूरहावे यांनी १७२४ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याच्या शवविच्छेदनावरून हे प्रथम मांडले. मुंबईतल्या मढसारख्या कोळीवाड्यात, जिथे मासळी रोजच्या ताटात, तिथे आणखी एक कारण जवळचे : काटा. बोंबलाचा काटा मऊ, पाला माशाचा तसा नव्हे. काटा अडकल्यावर भाताचा गोळा न चावता गिळायची घरोघरची रीत धोक्याची आहे. रुतलेला काटा त्याने आणखी आत जाऊ शकतो. मानेजवळ इजा असेल तर मानेचा बाजूने काढलेला फोटोही लागतो. काटा स्वतः मात्र फोटोत पुष्कळदा दिसत नाही.

फोटोत चीरही दिसत नाही, दिसते ती निसटलेली हवा. हृदयाच्या कडेने काळी बारीक रेघ उमटते, कधी ती मानेच्या कातडीखाली चढते. तिथे बोट दाबले तर कुरकुर जाणवते. उलटीने फाटलेली नलिका बहुधा खालच्या टोकाशी, डावीकडे उघडते. त्यामुळे पाणी साचते ते बहुतेकदा डाव्या फुफ्फुसाभोवती, आणि बरगड्यांखालचा टोकदार कोपरा बोथट दिसतो.

यातले सगळे लगेच उमटत नाही. हवा दिसायला तासभर लागू शकतो, पाण्याला त्याहून जास्त. सुमारे दहांतल्या एका रुग्णाचा पहिला फोटो स्वच्छ निघतो. म्हणून उलटीनंतर छातीत असह्य कळ आली असेल तर स्वच्छ फोटोवर विसंबून रुग्णाला घरी धाडणे चूकच. पुढे सीटी स्कॅन करतात, किंवा पाण्यात विरघळणारे औषध पाजून ते कुठे गळते ते पाहतात.

पहिल्या चोवीस तासांत उपचार झाले तर जगण्याची शक्यता बरीच वाढते. मढहून मोठे रुग्णालय गाठायचे तर वर्सोव्याची फेरीबोट, नाहीतर मार्वेमार्गे मालाडचा वळसा; तोवर रुग्णाला पाण्याचा घोटही देऊ नये. काटा कधी अडकला, उलटी किती वाजता झाली, हे एक्स-रेच्या चिठ्ठीवर लिहिलेले असेल तर फोटो वाचणारा ती बारीक काळी रेघ मुद्दाम शोधतो.