दूध-ॲलर्जी, पाळणाघरातील बालकांची

गाईच्या दुधातील केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारख्या प्रथिनांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेला अवाजवी प्रतिसाद. तो बहुधा पहिल्या वर्षात, वरचे दूध सुरू झाल्यावर दिसतो. त्वरित प्रकारात काही मिनिटांपासून २ तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. विलंबित प्रकारात काही तासांनी किंवा दिवसांनी जुलाब होतात, शौचावाटे आव-रक्त पडते, वजन वाढत नाही. पाळणाघरात हा दुसरा प्रकार सहज नजरेतून सुटतो: दूध तिथे सकाळी पाजलेले असते, त्रास रात्री घरी होतो आणि दोष दात येण्यावर जातो. म्हणूनच काय, किती आणि केव्हा खाल्ले याची पाळणाघरातील वही मोलाची ठरते.

पाळणाघरातील मुलांचे बहुतेक जुलाब मात्र संसर्गाचे असतात. रोटाव्हायरसच्या संसर्गानंतर आतड्यातील लॅक्टेज हे विकर काही काळ घटते, दूध पचत नाही, पोट फुगते. ही दुग्धशर्करेची असह्यता होय, ॲलर्जी नव्हे. त्यामुळे नुसत्या संशयावरून दूध कायमचे तोडणे घातक आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते थांबवून व पुन्हा देऊन निदान पक्के करतात. म्हशीचे किंवा शेळीचे दूध सुरक्षित पर्याय नाही, कारण त्यांतील प्रथिने मिळतीजुळती असतात. बिस्किटांतही दूध पावडर असू शकते. दूध प्यायल्यावर मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत ओसरते.