दुबईहून आणलेला फिश फाइंडर खरंच स्वस्त पडतो का? बोटीचं सामान परदेशातून मागवण्याआधी हा हिशोब वाचा

१ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात आणि दोन महिने गप्पा असतात त्या मशीनच्या, जाळ्यांच्या आणि नव्या सामानाच्या. मोबाईलवर अमेरिकेतल्या नाहीतर चीनमधल्या दुकानाचे भाव दिसतात. कंपनी तीच, मॉडेल तेच आणि इथल्या डीलरपेक्षा किंमत कमी. मग फोन जातो मस्कत-दुबईला असलेल्या भावाला किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या मेहुण्याला, "येताना घेऊन ये" म्हणून.

काही वस्तूंमध्ये असे पैसे खरोखर वाचतात. काहींमध्ये मात्र वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात, आणि एक-दोन वस्तू अशा आहेत की त्यांच्यापायी आणणारा माणूस विमानतळावरच अडकतो.

साइटवरचा भाव आणि दारात पडलेली किंमत

परदेशी साइटवर दिसतो तो फक्त दुकानातला भाव. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्यावर वेगळा विक्रीकर लागतो, दुबईत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. कार्डाने पैसे भरले तर बँक परकीय चलनाचे साधारण २ ते ३.५ टक्के कापते. कस्टमचा हिशोब याच्यानंतर सुरू होतो. कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही; वाहतुकीचं भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर बसते. भाडं किती ते कागदावर दाखवता आलं नाही तर नियमाप्रमाणे वस्तूच्या किमतीच्या २० टक्के धरलं जातं.

एक उदाहरण घेऊ. वस्तू १ लाखाची, भाडं-विमा २० हजार. म्हणजे ड्युटी १ लाख २० हजारांवर. मूळ ड्युटी समजा १० टक्के, म्हणजे १२,०००. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,२००. झाले १,३३,२००. या सगळ्या रकमेवर आयजीएसटी समजा १८ टक्के, तो २३,९७६. एकूण १,५७,१७६ रुपये. कस्टम एजंटची फी आणि बंदरावरचं गोदामभाडं अजून धरलेलं नाही. दर वस्तूगणिक वेगळे असतात, पण हिशोबाची रीत हीच. साइटवर १ लाखाला दिसणारी वस्तू इथल्या डीलरकडे दीड लाखाला असेल, तर डीलर लुटतोय असं लगेच म्हणू नये.

त्यात डीलरला आयजीएसटीची वजावट मिळते. जीएसटी नोंदणी नसलेल्या मच्छीमाराला ती मिळत नाही, त्याच्या खिशातून गेले ते गेले.

धंद्यासाठी माल मागवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. तो पॅनवर, ऑनलाइन, ५०० रुपये फीमध्ये निघतो. अवघड काही नाही. "गिफ्ट लिहून पाठव, ड्युटी लागणार नाही" हा सल्ला मात्र जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने भेट म्हणून ड्युटी न भरता वस्तू मागवण्यावर बंदी आहे. सूट आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला.

बॅगेतून आणलं तर?

सुट्टीवर येणाऱ्या माणसाला काही किमतीपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता येतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत आखातातून येणाऱ्यासाठी ही मर्यादा ५० हजार रुपये होती. मर्यादा बदलत असते, त्यामुळे निघायच्या आधी कस्टमच्या साइटवर चालू आकडा बघावा. सवलत आहे ती स्वतःच्या वापराच्या सामानाला. एकाच बॅगेत चार फिश फाइंडर निघाले तर ते विकायला आणलेत असंच कस्टमवाले धरणार.

बोटीवरच्या खलाश्यांबाबत गावात गैरसमज जास्त. कॉन्ट्रॅक्ट संपवून शेवटचा पगार घेऊन घरी येणाऱ्या खलाश्याला इतर प्रवाशांसारखी सवलत मिळते. पण नोकरी चालू असताना जहाज मुंबईला किंवा जेएनपीटीला लागलं आणि तो उतरला, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे त्याला फक्त १,५०० रुपयांपर्यंतच्या किरकोळ भेटवस्तू आणता येत होत्या. अशा वेळी त्याला जीपीएस आणायला सांगणं म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळणं.

विमानाचे नियम वेगळेच. पेट्रोल भरून चालवलेलं आऊटबोर्ड मशीन प्रवासी बॅगेत चालत नाही. संकटात उडवायचे दारूचे फ्लेअर तर अजिबात नाहीत. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमध्ये गॅसची नळी असते, ते आणायचं तर विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते.

हे आणू नका

सॅटेलाइट फोन. थुराया आणि इरिडियम या दोन्ही सेवांना भारतात बंदी आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून समुद्रातून आले, त्यांच्याकडे जीपीएस आणि सॅटेलाइट फोन होते. तेव्हापासून किनाऱ्यावर या वस्तूंकडे कोणत्या नजरेने बघितलं जातं हे मच्छीमारांना सांगायला नको. सरकारी परवानगीने मिळणारा सॅटेलाइट फोन बीएसएनएलमार्फत घेता येतो, तेवढा एकच सरळ मार्ग.

फसगत होते ती दुसऱ्याच वस्तूत. हातात धरायचे काही जीपीएस असे असतात की नेटवर्क नसलं तरी मेसेज जातो. गार्मिनचे 'इनरीच' त्यातलेच. दिसायला साधा जीपीएस, पण आतून इरिडियमवर चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं उपकरण सापडल्यामुळे एका परदेशी पाहुणीवर पोलीस कारवाई झाली. ज्या जीपीएसवर "मेसेज पाठवता येतो" असं लिहिलंय, तो दुकानातच ठेवून यावा.

व्हीएचएफ सेटही नुसता उचलून आणता येत नाही. लहरी सोडणाऱ्या उपकरणाला दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची मंजुरी आणि परवाना लागतो. आणि पाण्यात सोडायचे एलईडी दिवे चीनमधून कितीही स्वस्त मिळोत, एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे.

मशीनमध्ये पैसे वाचत नाहीत

आऊटबोर्ड मशीन बाहेरून आणायचा मोह मोठा, कारण रक्कमही मोठी. पण अमेरिका-युरोपात आता नवीन विकली जातात ती बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनं. आपल्या मेकॅनिकचा हात बसलेला असतो टू-स्ट्रोकवर. वॉरंटी बहुधा ज्या देशात विकलं त्या देशापुरती. मशीनच्या पायाची लांबी १५, २० आणि २५ इंच अशी असते. ऑनलाइन घेताना ती चुकली तर पंखा एकतर पाण्याबाहेर हवा खातो, नाहीतर नको तेवढा खोल जातो.

खरा प्रश्न येतो हंगाम सुरू झाल्यावर. ऑगस्टमध्ये बांगडा लागलाय आणि पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर गेलं. इथल्या डीलरचं मशीन असेल तर तो भाग मालवणात, रत्नागिरीत, फार तर मुंबईत मिळतो. बाहेरच्या मॉडेलचा भाग बाहेरूनच मागवायचा, तोवर होडी जेटीला बांधून ठेवायची आणि खलाश्यांना बसून पगार द्यायचा. त्या पंधरा दिवसांचा धंदा मांडून बघा.

शिवाय मासेमारी नौकेसाठी विकलेल्या मरीन इंजिनावर जीएसटी ५ टक्केच लागतो, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकात केलाय. बोटीचे नोंदणीचे कागद घेऊनच डीलरकडे जावं आणि बिलावर कोणता दर लावला ते तपासावं. जाळी आणि दोर तर बाहेरून आणायची गरजच नाही; महाराष्ट्रात बनलेली जाळी परदेशात जातात.

फिश फाइंडर आणायचाच असेल तर

ही वस्तू लहान आहे, पैसे वाचण्यासारखे आहेत आणि साधा फिश फाइंडर हवेत लहरी सोडत नाही. फक्त चार गोष्टी बघून घ्याव्यात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये तिथल्या तळ्यांचे नकाशे असतात. अरबी समुद्राचं चार्ट कार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे कोणी आधी धरत नाही. लहान मॉडेल बहुतेक १२ व्होल्टची, बोटीवर २४ व्होल्ट असेल तर थेट जोडल्यावर जळतील. ट्रान्सड्युसर सोबतच घ्यावा, नंतर दुसऱ्या कंपनीचा बसेलच असं नाही. फायबरच्या होडीत तो आतून चिकटवूनही चालतो, लाकडी होडीत चालत नाही, तिथे तो पाण्यातच हवा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्झ पुरतं, खोलात जाणाऱ्या बोटीला ५० लागतं. सेटिंगमध्ये 'फॅदम' निवडलं की खोली आपल्या वावात दिसते. पावती आणि खोका टाकू नये.

जीव वाचवणारं यंत्र

बोट बुडताना उपग्रहाला हाक देणारा बीकन, ज्याला ईपर्ब म्हणतात, तो परदेशात स्वस्त दिसतो. पण प्रत्येक बीकनमध्ये देशाचा क्रमांक भरलेला असतो, भारताचा ४१९. दुसऱ्या देशाचा क्रमांक राहिला तर बोट कोणाची याची चौकशी आधी त्या देशाकडे जाते. पाण्यात पडलेल्या माणसासाठी तो वेळ फार मोठा असतो. बीकन घेतलाच तर क्रमांक बदलून त्याची भारतात नोंदणी केल्याशिवाय तो बोटीवर ठेवू नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मात्र प्रत्येक खलाश्याच्या मोबाईलमध्ये आजच टाकता येतो, जवळच्या पाण्यात तोच आधी कामाला येतो.

आणि बाहेरून मागवायच्या आधी फुकट काय मिळतंय ते बघावं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जी योजना सुरू झाली, तिच्यात देशातल्या १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवले जाणार आहेत. मोबाईलची रेंज नसतानाही त्यावरून दोन्ही बाजूंनी मेसेज जातो. मत्स्य संपदा योजनेत इतर सामानाला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. सरकारी योजनेत आधी मंजुरी आणि मग खरेदी असा क्रम असतो, त्यामुळे दुबईला फोन लावण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे एक चक्कर मारावी. जाताना बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, आधार आणि बँक पासबुक सोबत ठेवावं.